शुक्रवारची संध्याकाळ

३१ मे २०२४, शुक्रवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला गॅरेजचं दार वर जायचा आवाज आला आणि बायकोने गॅस बारीक केला. निकाल आम्हाला माहीत होता, फोनवर लीडरबोर्ड दुपारपासून उघडाच होता, एका शॉटने कट गेला होता, म्हणजे शनिवार-रविवार खेळायला मिळणार नव्हतं. आता घरात येणाऱ्या या गोल्फर पाहुण्याशी बोलायचं काय, एवढंच आम्हाला सुचत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो आत येईना, म्हणून मी हळूच डोकावून बघितलं तर तो खोक्यावर बसलेला, पुढ्यात बादलीत साबणाचं पाणी, हातात जुना टूथब्रश, आणि एकेक क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बॅगेतून काढून तिच्या तोंडावरच्या खाचा घासत होता. घासायचा, पाण्यात बुचकळायचा, उजेडाकडे धरून बघायचा, परत घासायचा. मी विचारलं, जेवतोस ना? तो म्हणाला, हो, चौदा झाले की आलोच. चौदा म्हणजे चौदा क्लब, बॅगेत त्याहून जास्त चालत नाहीत.

त्या दिवसाबद्दल लिहायचं गेलं वर्षभर मनात होतं. त्याचं नाव लिहीत नाही कारण त्याला विचारलेलं नाही, आणि नाव कळून तसा काही उपयोगही नाही, तो खेळतो त्या गोल्फच्या टूरवर त्याच्यासारखे शंभरएक जण तरी असतील.

आम्ही कॅरीत राहतो, नॉर्थ कॅरोलिनात, रॉलीच्या शेजारी. इथे मराठी माणसं भरपूर, मंडळ आहे, गणपती होतो, सगळं आहे. दोन्ही मुलं कॉलेजला बाहेर गेली आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की रॉलीत दरवर्षी कॉर्न फेरी टूरची टूर्नामेंट असते, यूएनसी हेल्थ चॅम्पियनशिप, आणि तिथे खेळायला येणाऱ्या पोरांना आठवडाभर राहायला घरं लागतात. घरात जागा असलेली माणसं नाव देतात, पैसे घ्यायचे नाहीत, खोली आणि वॉशिंग मशीन एवढं दिलं तरी पुष्कळ. मला आधी वाटलं, प्रोफेशनल गोल्फर आणि राहायला लोकांच्या घरी? टीव्हीवर दिसणारे गोल्फर तर स्वतःच्या विमानाने फिरतात. बायको म्हणाली, नाव देऊन टाक, पोरांच्या खोल्यांना हवा तरी लागेल.

गोल्फशी माझं नातं म्हणाल तर भिंतीच्या बाहेरचं. माझं लहानपण पुण्यात येरवड्यात गेलं, तिथेच पूना क्लबचं गोल्फ कोर्स आहे, शाळेतून येताना झाडांच्या फटीतून हिरवंगार दिसायचं, आणि वस्तीतली काही पोरं कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायला, आत जायची. त्यातला एकजण वर्गात माझ्या बाकावर बसायचा, त्याच्या खिशात कायम एक चिरलेला पिवळट बॉल असायचा. आत कधी पाऊल टाकलं नाही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला गेला, तोही असा की अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि राखीव यादीतून याचा नंबर लागला, तेव्हा बातमी वाचून खूप आनंद झाला होता, पण खेळ म्हणून काही कळत नव्हतं. जे कळलं ते या पाहुण्यामुळे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत पीजीए टूर म्हणजे सगळ्यात वरची पायरी, आणि कॉर्न फेरी टूर ही त्याच्या बरोबर खालची. १९९० साली बेन होगन टूर या नावाने सुरू झाली, मग स्पॉन्सर बदलत गेले तसं नाव बदलत गेलं, नाइकी, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम, आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. २०२४ च्या सीझनमध्ये २६ टूर्नामेंट होत्या. वर्षभराचे पॉइंट्स मोजायचे आणि शेवटी पहिल्या ३० जणांना पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क. पुढच्या वर्षीपासून ते पण ३० चे २० केले. पहिल्या ७५ मध्ये राहिलात तर निदान पुढच्या वर्षी याच टूरवर तुमची जागा पक्की. त्याच्या खाली गेलात की परत क्यू-स्कूल, म्हणजे पुन्हा प्रवेशपरीक्षा, आणि तिची फी पण हजारांत, डॉलरमध्ये.

तेव्हाच्या साध्या आठवड्याचा हिशेब असा. १५६ जण गुरुवारी सुरू करतात. गुरुवार-शुक्रवार दोन राउंड झाले की पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे शनिवार-रविवार खेळतात, बाकीचे घरी. बक्षिसाची एकूण रक्कम २०२४ मध्ये दहा लाख डॉलर होती, जिंकणाऱ्याला १ लाख ८० हजार. पासष्टाव्या नंबरला चार हजारांच्या आसपास. आणि कट चुकला त्याला शून्य. आपल्याकडे रणजी खेळणारा पोरगा दोन्ही डावांत शून्यावर आउट झाला तरी मॅच फी मिळते, इथे दोन दिवस जीव तोडून पारच्या, म्हणजे ठरलेल्या शॉट्सच्या, खाली खेळलात आणि एका शॉटने राहिलात तर मोटेलचं बिल, भाड्याची गाडी, विमानाचं तिकीट, कॅडीचा आठवड्याचा पगार सगळं स्वतःच्या खिशातून. आमच्या पाहुण्याचा हिशेब आठवड्याला अडीच हजार डॉलरपर्यंत जायचा. त्यातले मोटेलचे वाचले म्हणून तो आमच्याकडे. तो एकतीस वर्षांचा, सातवा सीझन, बायको दुसऱ्या राज्यात शाळेत शिकवते आणि एक आठ महिन्यांची मुलगी.

लोक रविवार बघतात, रविवारी ट्रॉफी असते. या टूरवरचा खरा दिवस शुक्रवार, हे मला त्या संध्याकाळी गॅरेजच्या दारात उभं राहून कळलं, आणि त्यानंतर मी जो जो शुक्रवार बघितला त्यात ते अजूनच पक्कं होत गेलं.

तो जेवायला आला तेव्हा हात स्वच्छ धुतलेले पण नखांत अजून हिरवं होतं. आल्या दिवसापासून बूट दाराबाहेर काढायचे हे त्याने न विसरता पाळलं होतं, त्या दिवशीही बूट नीट जोडून ठेवलेले. बायकोने वरण-भात केला होता, वर तूप, बाजूला बटाट्याची काचऱ्यांची भाजी बिनतिखट. मेतकूट त्याला बुधवारीच आवडलं होतं, त्याने स्वतः बरणी ओढून घेतली. शेवटच्या होलला साडेतीन-चार फुटांचा पट होता, म्हणजे बॉल होलमध्ये घालायचा हलका शॉट, तो कडेला लागून बाहेर आला. तो म्हणाला, मारला नीट होता, वाचला चुकीचा, डावीकडे वळेल असं वाटलं आणि वळलाच नाही. एवढंच. मग माझ्या मुलांचं विचारलं, कोणती कॉलेजं, काय शिकतात. मला घास गिळवत नव्हता.

का ते सांगतो. माझा धाकटा भाऊ सदाशिव पेठेत पाच वर्षं राज्यसेवेची तयारी करत होता. कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा, अभ्यासिकेत पहाटे पाचला जागा धरायची. चौथ्या वेळी दीड मार्काने गेला. ज्या दिवशी कटऑफ लागला त्या संध्याकाळी मी सुट्टीवर पुण्यातच होतो, खोलीवर गेलो तर तो खाली बसून बादलीत शर्ट धूत होता. सगळे शर्ट. स्वच्छ असलेले पण. मी काय बोलावं ते मला तेव्हाही सुचलं नव्हतं. वीस वर्षांनी, समुद्रापलीकडे, माझ्याच गॅरेजमध्ये दुसरा माणूस तेच करत बसलेला. दीड मार्काने राहिलेला मुलगा आणि दीड मार्काने पास झालेला मुलगा यांच्यात अभ्यासाचा फरक नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण एकाच्या घरी पेढे येतात.

शनिवारी मला वाटलं हा उशिरापर्यंत झोपेल. सहाला खाली आला, कॉफी घेतली आणि रेंजवर सरावाला गेला. दुपारी परत आला तर बॅगेतून एक स्टीलची पट्टी काढली, चांगली हातभर लांब, शाळेत सरांच्या टेबलावर असायची तशी. ती हॉलच्या कार्पेटवर ठेवली, एका टोकाला बॉल ठेवला आणि पटरने हलकेच मारला. बॉल त्या अरुंद पट्टीवरून सरळ चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि खाली उतरला. परत. परत. मी मोजत होतो, चाळीस वेळा मारला, तीनदा फक्त बाजूला पडला. मग मला म्हणाला, करून बघ. माझा बॉल वीतभर सुद्धा गेला नाही, लगेच कडेवरून पडला. त्याने समजावलं की पटरचं तोंड अर्धा अंश जरी वाकडं असलं तरी पट्टी लगेच सांगते. मी तासभर करत बसलो, एकदा, फक्त एकदा पूर्ण गेला, आणि तेव्हा हाताला जे जाणवलं ते अजून आठवतं, काहीच जाणवलं नाही असं ते होतं, बॉल जणू आपणहून निघाला.

संध्याकाळी मागे डेकवर बसलो आणि तो सीझनचं सांगायला लागला. मी काही विचारलं नव्हतं, पण शनिवारी त्याला बोलायचं असावं, कारण शनिवारी मैदानावर नसलेल्या गोल्फरशी बोलायला कोण असतं.

सीझन जानेवारीत बहामाजमध्ये सुरू होतो. तिथल्या टूर्नामेंट रविवारी सुरू होऊन बुधवारी संपतात, म्हणजे कट सोमवारी. ग्रेट एग्झुमाला समुद्राचा वारा असा की २०१७ साली तिथे पहिल्यांदा टूर्नामेंट झाली तेव्हा कट ११ ओव्हरवर, म्हणजे पारपेक्षा ११ शॉट जास्त, लागला होता. प्रोफेशनल खेळाडू, आणि ११ ओव्हर मारून आत. जिंकणारा फक्त दोन अंडर होता. तो म्हणाला, तिथे बॉल टीवर, म्हणजे त्या छोट्या खुंटीवर, ठेवला की वाऱ्याने पडतो, परत ठेवायचा, मग मनात येतं की मी सुद्धा असाच. २०२४ मध्ये एग्झुमाच्या पुढच्या आठवड्यात ग्रेट अबाकोला अल्ड्रिक पॉटगिटर जिंकला, दक्षिण आफ्रिकेचा, वय १९, या टूरच्या इतिहासातला सगळ्यात लहान विजेता. हा एकतीसचा. सांगताना त्याच्या आवाजात असूया अजिबात नव्हती, पोरगं बॉल किती लांब मारतं याचंच कौतुक चाललेलं.

मग पनामा, मग बोगोटा. बोगोटा साधारण २६०० मीटर उंचीवर, हवा विरळ, बॉल नेहमीपेक्षा खूप लांब जातो, त्यामुळे प्रत्येक क्लबचं अंतर नव्याने मोजायचं आणि वहीत लिहायचं. तिथे दोन कोर्सवर खेळतात, लागोस आणि पाकोस. गुरुवारी हा लागोसवर ६९ मारून, म्हणजे अठरा होल ६९ शॉट्समध्ये संपवून, खुशीत आत आला, स्कोअरकार्ड दिलं, आणि बोर्डाकडे बघितलं तर ५७. त्याला वाटलं कोणीतरी चुकीचं टाइप केलंय. चिलीच्या क्रिस्टोबल देल सोलारने पाकोसवर खरोखरच ५७ मारले होते, १३ अंडर, पीजीए टूरच्या कुठल्याही टूरवर त्याआधी कोणी इतका कमी स्कोअर केला नव्हता. आणि तरी ती टूर्नामेंट त्याने जिंकली नाही. हे सांगून तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ५७ मारून पण पुढचे तीन दिवस खेळावं लागतंच.

मला अक्षय भाटियाचं विचारायचं होतं, कारण तो आमच्या इकडचा, वेक फॉरेस्टचा, रॉलीच्या जरा वर. कॉलेजला न जाता सतराव्या वर्षी प्रो झाला, २०२२ च्या जानेवारीत याच एग्झुमाला विसावं लागायच्या आत जिंकला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये टेक्सस ओपन जिंकून मास्टर्स या मोठ्या टूर्नामेंटला गेला होता. इथल्या देशी ग्रुपवर तेव्हा दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पाहुणा म्हणाला, सोबत खेळलोय, तो वेगळाच आहे. मग म्हणाला, पण वेगळं नसलेल्यांनाही इथे चांगलं खेळावंच लागतं.

रविवारी सकाळी तो निघाला. रॉलीचं ते कोर्स डॉनल्ड रॉसने आयुष्याच्या शेवटी आखलेलं, १९४८ सालचं, आणि तिथे त्या दिवशी फायनल राउंड चालू होता, जपानचा काइतो ओनिशी जिंकला. हा तेव्हा साडेचार तासांवरच्या ग्रीनव्हिलच्या रस्त्यावर होता. खोलीत चादरी घडी करून ठेवलेल्या, उशीवर थँक्यूचं कार्ड, आणि टेबलावर त्याचं रॉलीचं यार्डेज बुक. विसरला असेल म्हणून मी फोन केला तर म्हणाला, असू दे, तुझ्यासाठीच ठेवलंय.

ते छोटं पुस्तक मी कितीतरी वेळा चाळलंय. प्रत्येक पानावर एक होल, वरून बघितल्यासारखं चित्र, आणि त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात त्याच्या खुणा. झाडापासून किती यार्ड, कुठे बॉल गेला तर मेलास, ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताचा, उतार कुठे, बाण, बाण, बाण. अठराव्या होलच्या ग्रीनवर डावीकडे वळणारा एक बाण होता, आणि त्यावर नंतर काट मारून सरळ रेघ. ती काट शुक्रवारी रात्री मारली असणार.

त्यानंतर आमच्या घरात शुक्रवारचा अर्थ बदलला. जूनमध्ये ग्रीनव्हिल, विचिटा, ओक्लाहोमात नॉर्मन, इलिनॉयचं स्प्रिंगफील्ड. दर शुक्रवारी संध्याकाळी बायको पोळ्या लाटता लाटता विचारायची, आत का बाहेर? कधी आत, कधी बाहेर. फोनवर कटची रेघ लीडरबोर्डच्या मधोमध दिसते आणि ती हलत असते, हे मला आधी माहीतच नव्हतं. तुमचा माणूस कधीच खेळून बसलेला असतो, आंघोळ करून मोटेलच्या पलंगावर, आणि अजून मैदानावर असलेले साठएक लोक पट घालतात आणि चुकवतात तशी ती रेघ वर-खाली होते. तासनतास. त्याने सांगितलं होतं की तो फोन बाथरूममध्ये ठेवून दार बंद करतो.

जुलैत टीपीसी कोलोराडो या कोर्सवर तो चांगला खेळला. तिथे तेरावं होल ७७३ यार्डांचं आहे, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर, एकच होल! तिथे त्याने चारही दिवस पार काढली आणि मला मेसेज केला, चारही दिवस, बस्स, बाकी काही नाही. त्या महिन्यात तो पॉइंट्समध्ये सत्तरच्या घरात आला. आणि त्याच उन्हाळ्यात मॅट मॅकार्टी नावाचा डावखुरा सुटला होता, जुलैत मिझुरीत जिंकला, ऑगस्टमध्ये ओमाहाला जिंकला, मग बॉइसीला जिंकला. एका सीझनमध्ये तीन जिंकलात की सीझन संपायची वाट न बघता सरळ पीजीए टूरवर. मॅकार्टी वर गेला आणि ऑक्टोबरमध्ये तिथेही युटात जिंकला! जूनमध्ये तो आणि आमचा पाहुणा एकाच टूरवर, एकाच रेंजवर उभे. मी हे उदाहरण बायकोला पुन्हा पुन्हा द्यायचो, बघ कसं फिरतं ते. ती म्हणायची, त्याचं फिरलं, याचं बघ.

शेवटच्या चार टूर्नामेंट म्हणजे फायनल्स. बॉइसीला १५६ जण, नॅशव्हिलला १४४, कोलंबसला १२०, आणि शेवटी इंडियानात फ्रेंच लिकला फक्त ७५. पैसे दीडपट, पॉइंट्स पण जास्त. म्हणजे कोलंबस संपलं की पंचाहत्तरची रेघ ओढली जाते. बॉइसीला तो आत होता पण खाली, नॅशव्हिलला कट चुकला, आणि कोलंबसला जाताना पंचाहत्तरच्या बाहेर सरकलेला. बायको म्हणाली, आपण जायचं. आठ तास गाडी, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून, मागच्या सीटवर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं स्कार्लेट कोर्स, गोल्फमधला दिग्गज जॅक निकलॉस शिकला तीच युनिव्हर्सिटी. मोठमोठी झाडं, वाळूचे खोल बंकर. प्रेक्षक अगदी थोडे, तिकडे दोर वगैरे फारसे नाहीत, खेळाडूच्या चार हात मागून चालता येतं आणि त्याचा श्वास ऐकू येतो. शुक्रवारी शेवटच्या होलला त्याला पार हवी होती, तेवढी काढली तर कटच्या आत. दुसरा शॉट बंकरमध्ये गेला. मी बायकोचा हात धरला. वाळूतून बॉल वर आला आणि होलपासून सहा-सात फुटांवर थांबला. तो बॉलच्या मागे उकिडवा बसला, मग उठून दुसऱ्या बाजूला गेला, तिथूनही बघितलं, कॅडी काहीतरी पुटपुटला, याने मान हलवली. उभा राहिल्यावर मात्र त्याने वेळ लावला नाही. बॉल निघाला तो मला त्या स्टीलच्या पट्टीवरून निघाल्यासारखा दिसला, आत पडला, त्याने वाकून काढला, खिशात ठेवला आणि टोपी काढून सोबतच्या दोघांशी हात मिळवले. चेहऱ्यावर काहीच नाही. बाहेर येताना आमच्याकडे बघून फक्त भुवया उंचावल्या. बायको रडत होती.

शनिवारी तो वर सरकला. रविवारी दुपारपर्यंत हिशेबाने पंचाहत्तरच्या आत होता. पण हिशेब त्याच्या एकट्याच्या खेळावर नसतो, मागच्या ग्रुपमधल्या कोणीतरी सोळाव्यावर बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक शॉट कमी घेतला, की हा एक नंबर खाली, अजून कोणी सतराव्यावर लांबचा पट घातला की अजून एक. तो आत येऊन बसला होता, काहीही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि आमच्या फोनवर त्याचा नंबर पंचाहत्तरच्या खाली गेला आणि परत वर आलाच नाही. थोडक्यात गेलं. किती थोडक्यात ते लिहीत नाही, आकडा लिहिला की माणूस ओळखू येईल.

पार्किंगमध्ये गेलो तर तो गाडीच्या डिकीवर टेकून बुटांचे स्पाइक साफ करत होता. त्या आठवड्यातल्या व्हॉलंटियर मंडळींना शोधून शोधून थँक्यू म्हणून आला होता, एका म्हाताऱ्या बाईला बॉलवर सही करून दिली होती. बायकोने पुऱ्यांचा डबा त्याच्या हातात दिला, त्याने उघडून एक तिथेच खाल्ली, मग दुसरी. फ्रेंच लिकला न जाता आता घरी जाणार, मुलगी चालायला लागलीय, व्हिडिओत बघितलं, समोर बघायचंय, म्हणाला. डबा परत द्यायला येईन असं पण म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये क्यू-स्कूलच्या दुसऱ्या टप्प्यावर तो अडकला. शेवटचा टप्पा डिसेंबरमध्ये फ्लोरिडात सॉग्रासला असतो, तिथवर पोचलाच नाही. मला वाटलं संपलं आता, एवढ्या वर्षांनी माणूस दमेल, नोकरी धरेल. भाऊ पाचव्या वेळी पास झाला नाही, आता त्याचं नाशिकला स्वतःचं दुकान आहे आणि तो मजेत आहे, तेव्हा असं होण्यात मला काही वाईट दिसत नव्हतं. जानेवारीत त्याचा मेसेज आला नाही. फेब्रुवारीतही नाही. आम्हीही केला नाही, काय लिहायचं ते कळेना. शुक्रवारी बायको सवयीने फोन हातात घ्यायची आणि परत ठेवून द्यायची.

मे महिन्यात आला. रॉलीच्या आठवड्यात सोमवारी ओपन क्वालिफायर असतो, म्हणजे कार्ड नसलेले सगळे एकाच दिवशी अठरा होल खेळतात आणि वरच्या मोजक्या जणांना त्या आठवड्याची टूर्नामेंट खेळायला मिळते, फी भरून. त्याने विचारलं होतं, रविवारची एक रात्र खोली मिळेल का, जास्त नको. रविवारी रात्री दहाला आला, स्वतःच्या गाडीतून, नऊ तास चालवून. हातात आमचा डबा, धुतलेला, आत त्याच्या बायकोने केलेल्या कुकीज. दाढी वाढवली होती. बूट दाराबाहेर जोडून ठेवले.

सोमवारी सकाळी बायकोने पोहे केले, वर मेतकुटाची बरणी ठेवली, पोह्यांवर कोणी मेतकूट घेतं का, पण त्याने घेतलं. कॅडी नव्हता, परवडत नव्हता, म्हणून मी बॅग घेऊन गेलो, आधी विचारलं चालेल का, तो म्हणाला फक्त शांत रहा आणि बॉल पुसत रहा. मी अठरा होल तेवढंच केलं. दहाव्यापर्यंत दोन अंडर, मग तीन बर्ड्या सलग, सोळाव्यावर एक बोगी, म्हणजे पारपेक्षा एक शॉट जास्त, आणि शेवटच्या होलला चार फुटांचा पट. तो बॉलमागे बसला आणि मान न वळवता मला म्हणाला, सरळ. मी काही बोललो नाही, मला कळतही नव्हतं. सरळच गेला.

मग दोन तास वाट. त्याने फोन माझ्याकडे देऊन ठेवला होता. शेवटची जागा तीन जणांत प्लेऑफने ठरली, त्या तिघांत तो होता, आणि दुसऱ्या होलला इतर दोघांच्या बोगी झाल्या.

घरी येईपर्यंत तो गाडीत झोपून गेला होता. बायकोने वरच्या खोलीत आठवड्याच्या हिशेबाने चादरी आणि टॉवेल काढून ठेवलेले, फोनवर कळल्या कळल्या. मंगळवारी टी टाइम लागल्या. गुरुवारी सकाळची, शुक्रवारी दुपारी बाराच्या पुढची, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती रेघ हलत राहणार. मी शुक्रवारची सुट्टी टाकली. बायकोने पण टाकली.